एका गाण्याचा मानकरी

मागच्या वेळी आपण १९२१ च्या संयुक्त ‘मानापमान’वर बोललो. व्याख्यान संपल्यावर चहाच्या टेबलाशी बजाजनगरहून येणाऱ्या एका तरुण श्रोत्याने आम्हाला गाठलं. दिवसा शॉप फ्लोअरवर, रात्री कानाला हेडफोन, असा तो मुलगा. म्हणाला, “सर, बालगंधर्व-केशवरावांचं ठीक आहे. पण आमच्यात दहा वर्षं भांडण चाललंय, त्यावर बोला ना. मिक टेलरला एकच गाणं का दिलं?”

आम्ही हसलो, पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आज त्यावरच बोलू. ज्यांनी हे नाव ऐकलं नाही त्यांनी घाबरू नका, गिटार न ऐकताही हे भांडण समजतं.

तर, ‘द रोलिंग स्टोन्स’ हा लंडनचा वाद्यवृंद १९६२ चा. आपल्याकडे ते २००३ च्या एप्रिलमध्ये येऊन गेले, आधी बंगळूर आणि मग ७ एप्रिलला मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर. मिक जॅगर गाणारा, कीथ रिचर्ड्स गिटारवाला, आणि सगळी गाणी बहुतेक या दोघांच्या नावावर. १९६९ च्या जूनमध्ये त्यांनी दुसरा गिटारवादक ब्रायन जोन्स याला काढलं आणि त्याच्या जागी मिक टेलर नावाचा वीस वर्षांचा पोरगा घेतला. ३ जुलैला ब्रायन जोन्स वारला. ५ जुलैला लंडनच्या हाइड पार्कमध्ये लाखांच्या गर्दीसमोर टेलर पहिल्यांदा उभा राहिला. दोन दिवसांचं सुतक, आणि त्यात नव्या माणसाचा पहिला प्रयोग!

पुढची साडेपाच वर्षं तो होता. ‘स्टिकी फिंगर्स’ (१९७१) आणि ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ (१९७२) या तबकड्या त्याच काळातल्या. जाणकारांपैकी पुष्कळ लोक म्हणतात, या मंडळींचा सर्वोत्तम काळ हाच. रिचर्ड्सची गिटार ताल धरणारी, ठेक्यात ठोकणारी. टेलरची गाणारी. आपल्या भाषेत सांगायचं तर एक ठेका, एक आलाप. १९७४ च्या डिसेंबरात टेलर स्वतःहून बाहेर पडला. त्याच्या जागी रॉनी वुड आला आणि तो आजतागायत आहे.

आता २०१२. वाद्यवृंदाला पन्नास वर्षं झाली. नोव्हेंबरात लंडनच्या ओ-टू सभागृहात दोन कार्यक्रम ठरले आणि जुन्या दोघांना बोलावणं गेलं. एक टेलर, दुसरा बिल वायमन, तीस वर्षं बेस गिटार वाजवून १९९३ मध्ये निवृत्त झालेला. वायमनला दोन गाणी मिळाली, टेलरला एक, ‘मिडनाइट रॅम्बलर’. वायमन नंतर जाहीरपणे बोलला की आपली निराशा झाली, आणि दोन गाण्यांसाठी अमेरिकेला यायला त्याने नकार दिला. टेलर मात्र गेला. २०१३ चा पूर्ण अमेरिका दौरा, त्याच जुलैत पुन्हा हाइड पार्क, चव्वेचाळीस वर्षांनी. २०१४ मध्ये आशिया, युरोप, ऑस्ट्रेलिया. रोज वीस-बावीस गाण्यांतलं साधारण एक गाणं त्याचं. शेवटी ‘सॅटिस्फॅक्शन’ला सगळे एकत्र, तेव्हा तो हातात अकूस्टिक गिटार घेऊन उभा. कधीतरी नशीब असेल तर ‘स्वे’ किंवा ‘कान्ट यू हिअर मी नॉकिंग’.

झालं! रसिकांत दोन तट पडले. एक म्हणे, हा अपमान आहे. ज्याच्या गिटारमुळे ती तबकडी ती तबकडी झाली, त्याला जत्रेतल्या पाहुण्यासारखं एकदा स्टेजवर आणायचं आणि हात हलवून परत पाठवायचं? आणि त्या शेवटच्या अकूस्टिक गिटारीचा आवाज तरी प्रेक्षकांत पोचतो का? दुसरा तट म्हणे, अहो, तो सोडून गेला होता. सदतीस वर्षं खिंड लढवली रॉनी वुडने. आता त्याला बाजूला करून जुन्याला पुढे करायचं, हा कुठला न्याय? शिवाय कार्यक्रम जॅगरचा, लोक त्याच्यासाठी पैसे मोजतात.

दोन्ही बाजूंनी मिनिटं मोजली जात होती. रॅम्बलर दहा मिनिटं चालतं की बारा? टेलरचा एकल तुकडा किती? कॅमेरा त्याच्यावर किती वेळ? आम्हाला यात आपल्या गावच्या यात्रेची आठवण झाली. मानकऱ्याला काय मिळतं? पटका आणि नारळ. नारळाची किंमत किती, हे कुणी विचारत नाही. पण तो चुकला तर डोकी फुटतात.

या मोजणीत एक गोष्ट मात्र फार कुणी लक्षात घेतली नाही, आणि आम्हाला ती सगळ्यात मजेशीर वाटते. ‘मिडनाइट रॅम्बलर’ हे १९६९ च्या ‘लेट इट ब्लीड’वरचं गाणं. त्याच्या मूळ ध्वनिमुद्रणात टेलर नाही! त्या तबकडीत तो दोनच गाण्यांत वाजवतो आणि हे त्यांतलं नाही. ते त्याचं झालं ते स्टेजवर, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला. म्हणजे त्याला मिळालेलं गाणं हे त्याच्या सर्जनाचं नव्हे, त्याच्या हजेरीचं होतं. ज्या गाण्यांवर आपला हक्क आहे असं तो स्वतः पुढे सांगत राहिला, उदाहरणार्थ ‘स्वे’ आणि ‘मूनलाइट माइल’, ती जॅगर-रिचर्ड्स यांच्याच नावावर आहेत. ‘मूनलाइट माइल’मध्ये रिचर्ड्सची गिटार नाही, तरी नाव आहे. टेलरचं नाव जोडीने लागलं ते एकाच गाण्याला, ‘व्हेंटिलेटर ब्लूज’. नाव म्हणजे नुसती प्रतिष्ठा नव्हे, बरं का. गाणं वाजलं की पैसा नावाकडे जातो. पन्नास-पन्नास वर्षं जातो.

म्हणून आमचं मत असं, की रसिक चुकीच्या तारखेवर भांडत होते. प्रश्न २०१२ मध्ये किती गाणी दिली हा नव्हता. तो १९७१ मध्ये कोणाचं नाव लिहिलं, हा होता.

इथे मागच्या वेळचा धागा जोडून घेऊ. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांत ‘मालक’ आणि ‘पगारी’ हा फरक फार कडक होता. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि तिघांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे थोड्याच वर्षांत त्या भागीदारीतून निघाले. पण ‘मानापमान’चं संगीत टेंब्यांचं हे १९११ पासून ठरलेलं होतं. मंडळी कुणाचीही असो, भामिनी कुणीही होवो, चाली टेंब्यांच्या. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व भामिनी झाले आणि प्रतिस्पर्धी ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले धैर्यधर, तेव्हा मुंबईत कोण वरचढ यावर किती वाद रंगले ते आपण पाहिलंच. त्या वादात टेंब्यांची बाजू घ्यायला कुणी उठलं नाही, आणि तशी गरजही नव्हती. माणूस मंडळीतून गेला, पण नाटकातून गेला नाही.

टेलरचं नेमकं उलट झालं. तो मंडळीत परत आला, गाण्यात मात्र त्याला जागा नव्हती.

वाळूजला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही, याचं आम्हाला कौतुक वाटतं. इथे परमनंट कोण, कंत्राटी कोण, हे गेटवरच्या पासाच्या रंगावरून कळतं. स्टोन्सच्या घरातही तेच आहे. डॅरिल जोन्स १९९४ पासून बेस वाजवतो, सगळ्या दौऱ्यांत आहे, पण तो वाद्यवृंदाचा सदस्य नाही, पगारी वादक आहे. खुद्द रॉनी वुड आल्यानंतर बरीच वर्षं पगारावर होता, भागीदारी त्याला फार उशिरा मिळाली. म्हणजे टेलरविरुद्ध वुड हे जे भांडण रसिकांनी लावलं, त्यात दोन्हीकडे एका अर्थी कामगारच उभे होते. मालक मधे उभे राहून गात होते. (हशा.)

आता न्यायाने बोलायचं तर जॅगरची बाजूही ऐकली पाहिजे. टेलरच्या वाजवण्याचं कौतुक त्याने आणि रिचर्ड्सने दोघांनीही केलं आहे, रिचर्ड्सने तर २०१० च्या आत्मचरित्रातही. शिवाय दोन तासांच्या कार्यक्रमात लोकांना ठरावीक पंधरा गाणी हवीच असतात, तीही रोज. आणि टेलर आला तो स्वखुशीने, वायमनसारखा फणकारून गेला नाही. एक गाणं मिळालं, ते त्याने दोन वर्षं रोज जीव तोडून वाजवलं. त्या काळच्या चित्रफिती बघा. रॅम्बलर मधेच संथ होतं तिथे तो जॅगरच्या हार्मोनिकाला उत्तर देतो. आमच्या मते ती सहा-सात मिनिटं अख्ख्या कार्यक्रमातली सर्वांत जिवंत आहेत. रॉनी वुडही तिथे हसत मागे सरतो, हेही बघण्यासारखं आहे.

२०१४ चा दौरा संपला. २०१५ मध्ये ‘स्टिकी फिंगर्स’ नव्याने बाजारात आलं आणि २० मे रोजी लॉस एंजेलिसच्या फोंडा थिएटरमध्ये, छोट्या सभागृहात, मंडळींनी त्या तबकडीतली सगळी गाणी वाजवली. ‘स्वे’ वाजलं, ‘नॉकिंग’ वाजलं, ‘मूनलाइट माइल’ही वाजलं.

टेलर त्या रात्री स्टेजवर नव्हता.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतला तो हात आधी, त्यानेच हे सुरू केलंय.