काळ्या कातळाचे वय

आपल्या जालना जिल्ह्यात विहीर खणताना माती आणि मुरूम संपला की काळा कातळ लागतो. काही ठिकाणी कातळाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टाही दिसतो. हा कातळ म्हणजे भूगर्भातून बाहेर येऊन थिजलेला लाव्हारस होय. वेरूळची लेणी याच कातळात कोरलेली आहेत. लेण्यांचे वय शिल्पांवरून व लेखांवरून ठरवता येते. पण खुद्द कातळाचे वय कसे ठरवावे?

अशा प्रश्नांचा विचार आपल्या पूर्वसूरींनी केला होता. अल्-बिरूनीने सुमारे १०३० साली हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात लिहिले की, पर्वताजवळ नदीतील दगड मोठे असतात, पुढे लहान होतात आणि शेवटी वाळू उरते. यावरून, उत्तरेचे मैदान पूर्वी समुद्र होते व नद्यांच्या गाळाने ते भरून आले, असे अनुमान त्याने काढले. मात्र अशा निरीक्षणातून घटनांचा क्रम कळतो, वर्षे कळत नाहीत.

आपल्या कातळाबाबत हेच घडले. लाव्ह्याच्या दोन थरांमधील काळात तळी साचली व त्यांच्या गाळात शिंपले आणि वनस्पती अश्मीभूत झाल्या. नागपूर परिसरातील असे जीवाश्म हिस्लॉप व हंटर यांनी १८५५ मध्ये वर्णिले. पुढे वाद सुरू झाला : हा लाव्हा डायनोसोरांच्या क्रिटेशियस युगातील, की त्यानंतरच्या तृतीय युगातील? १९३४ मध्ये बिरबल साहनी यांनी ताडवर्गीय व इतर वनस्पतींच्या आधारे तृतीय युगाचा पक्ष मांडला. उलट १९८० च्या दशकात नागपूरजवळ टाकळी येथील अशाच थरात डायनोसोरच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे सापडले.

वर्षांचे माप मिळाले ते दगडातील पोटॅशियममुळे. त्याच्या एका किरणोत्सारी प्रकाराचे काही अणू ठरावीक गतीने आरगॉन वायूत बदलतात. अशा अणूंची संख्या निम्मी होण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. लाव्हा थिजल्यापासून दगडात साठलेला आरगॉन मोजला की वय मिळते. परंतु कुजलेल्या दगडातून हा वायू निसटतो आणि वय कमी भरते. म्हणून ताजा, न कुजलेला दगडच निवडावा लागतो. दगडात टिकलेल्या चुंबकीय दिशेचाही पडताळा घेतला गेला. पुढे सूक्ष्म झिरकॉन स्फटिकांतील युरेनियम व शिसे मोजून हिशेब आणखी अचूक झाला.

निष्कर्ष असा की, या लाव्ह्याचा मोठा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, १० लाखांहून कमी वर्षांत बाहेर पडला. दोन युगांची सीमा या थरांच्या काळातच येते. म्हणजे दोन्ही पक्षांच्या हाती सत्याचा काही अंश होता.

विद्यार्थी मित्रांनो, मत मांडताना पुरावा द्यावा आणि नवा पुरावा आला की मत तपासून घ्यावे, हीच इल्मची वाट आहे. पालकांनाही विनंती की, विहिरीवर मुलाने दगडाविषयी प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नये.