खुब्यातला माग

जॉन चार्न्ली या इंग्रज हाडांच्या डॉक्टरांकडे 1950च्या दशकात एक रुग्ण आला. त्याच्या खुब्यात ॲक्रिलिकचा गोळा होता, पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी 1946मध्ये आणलेल्या पद्धतीचा. दुखणं थांबलं होतं, पण खुबा करकरायचा. इतका की बायको त्याच्याजवळ बसायचं टाळू लागली. ही करकर चार्न्लींच्या डोक्यातून गेली नाही.

आपला खुबा म्हणजे उखळीचा सांधा, आणि त्याला आतून मढवणाऱ्या कूर्चेइतकं निसरडं काही माणसाला अजून बनवता आलेलं नव्हतं. चार्न्लींनी उखळीसाठी टेफ्लॉन निवडलं, हल्ली तव्यावर असतं तेच. 1958पासून लँकेशरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात त्यांनी जवळपास 300 रुग्णांना ते बसवलं. लंगडणारी माणसं चालू लागली. दोन-तीन वर्षांत मात्र उखळी झिजल्या आणि त्यांच्या चुऱ्याभोवती सांधा सुजला. निसरडं असणं वेगळं, टिकणं वेगळं.

1962 साली एक विक्रेता जाड पॉलिथीनचा तुकडा घेऊन आला. जर्मनीत बनणारं हे प्लास्टिक लँकेशरच्या कापडगिरण्यांत मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरत. पिशवीच्याच कुळातलं, फक्त रेणूंच्या साखळ्या फारच लांब. चार्न्लींनी त्यावर नख ओढून पाहिलं आणि ते निघून गेले. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने तरीही तो तुकडा झिजवण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं तेवढासुद्धा तो झिजला नाही. या मागोव्यात मला खरा मान क्रेव्हनचा वाटतो: साहेबांनी टाकलेलं त्याने उचललं.

टेफ्लॉनने एकदा दगा दिल्यावर चार्न्लींनी दोन्ही प्लास्टिकचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागल्या, पॉलिथीनच्या जागी नाहीत. नोव्हेंबर 1962मध्ये पहिली पॉलिथीनची उखळी बसली. ती हाडात पक्की करणारं ‘सिमेंट’ आलं दंतवैद्यांकडून: कवळीचं ॲक्रिलिक. ते चिकटवत नाही, दगडांच्या फटीत चुना भरावा तसं हाडाच्या छिद्रांत शिरून घट्ट बसतं.

पुढे पॉलिथीनचीही धूळ निघाली, अगदी सूक्ष्म. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ती गिळत आणि त्या खटाटोपात आजूबाजूचं हाडच विरघळे. या हाडझिजेला आधी ‘सिमेंटचा आजार’ म्हणत; बिचाऱ्या सिमेंटवर आळ आला. 1990च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गाचा मारा करून साखळ्या एकमेकींत गुंतवलेलं पॉलिथीन आलं, तेव्हा झीज बरीच घटली.

क्ष-किरणांत हे प्लास्टिक जवळजवळ दिसत नाही. म्हणून चार्न्लींच्या उखळीत एक तार घातलेली असे. चित्रात धातूचा गोळा ठसठशीत दिसतो, वर ती बारीक कमान, आणि दोहोंच्या मध्ये रिकामी वाटणारी जागा. ती जागा वर्षागणिक किती अरुंद झाली, यावरून डॉक्टर झीज मोजतात.