लोन ‘सँक्शन’ झालं की पेढे, मग कंपनी ‘सँक्शन’ झाली की धक्का का?

‘अमेरिकेने शिपिंग कंपनी सँक्शन केली’ अशी बातमी वाचून एखाद्याला वाटलं की कंपनीला परवानगी मिळाली, तर त्याला हसण्यात अर्थ नाही. प्रत्यक्षात त्या कंपनीवर निर्बंध लागलेले असतात. पण आपल्याकडे सँक्शन म्हणजे मंजुरी. गृहकर्ज सँक्शन होतं, रजा सँक्शन होते, सरकारी पदं सँक्शन्ड असतात (भरलेली असतातच असं नाही). महावितरणच्या बिलावरचा ‘मंजूर भार’ म्हणजेही ‘सँक्शन्ड लोड’च.

मग एकाच क्रियापदाचे दोन उलटे अर्थ कसे?

या शब्दाचं मूळ लॅटिन ‘सांकिरे’ या क्रियापदात आहे. अर्थ, पवित्र किंवा अभंग ठरवणं, विधिवत पक्कं करणं. ‘सेंट’ आणि ‘सँक्च्युअरी’ हे शब्द याच कुळातले. पक्का केलेला हुकूम म्हणजे सँक्शन. आणि हुकूम मोडणाऱ्याला काय शिक्षा, ही त्यातली तरतूदही सँक्शनच. मंजुरी आणि शिक्षा अशा एकाच घरातून बाहेर पडल्या. क्रियापद म्हणून ‘मंजूर करणे’ हा अर्थ जुना. ‘निर्बंध लादणे’ हा अर्थ रुळला तो विसाव्या शतकात.

गोंधळ किती होऊ शकतो, याचं इराकइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही. कुवेतवर आक्रमण केल्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 6 ऑगस्ट 1990 रोजी ठराव क्रमांक 661 करून इराकवर व्यापारी निर्बंध लादले. त्याच परिषदेने 29 नोव्हेंबरला ठराव क्रमांक 678 करून इराकविरुद्ध बळाच्या वापराला मुभा दिली. म्हणजे परिषदेने आधी इराकला ‘सँक्शन’ केलं आणि मग युद्धाला ‘सँक्शन’ केलं!

ओळखायचं कसं? क्रियापदाचं कर्म पाहा. रक्कम, योजना, रजा, स्पर्धा किंवा एखादी कृती असेल तर मंजुरी. देश, कंपनी, जहाज किंवा व्यक्ती असेल तर बहुतेक वेळा निर्बंध. ‘सँक्शन्स’ असं अनेकवचनी नाम आणि त्यापुढे ‘ऑन’ दिसलं, तर शंकाच नको. मे 1998 मधल्या पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर लावले ते हेच. तेव्हा मराठीत ‘निर्बंध’ हा शब्द वापरला गेला, आणि तोच योग्य आहे. मराठीत दोन स्वतंत्र शब्द असताना ‘सँक्शन केलं’ असं लिहिणं म्हणजे वाचकाला उगाच कोड्यात टाकणं.

मंजुरीच्या अर्थातही एक मेख आहे. बँकेचं सँक्शन लेटर म्हणजे खात्यात आलेले पैसे नव्हेत. त्यात रक्कम, व्याजदर, अटी आणि बहुधा मुदत असते. कागदपत्रांची पडताळणी आणि करारावर सह्या झाल्यावरच रक्कम मिळते. त्यासाठीचा शब्द वेगळा आहे, ‘डिस्बर्समेंट’. हा फरक ठाऊक नसलेल्यांवरच ठग नेम धरतात. मुद्रा योजनेच्या नावाने ‘तुमचं कर्ज सँक्शन झालं, आधी प्रोसेसिंग फी भरा’ अशी बनावट पत्रं फिरली आहेत आणि पीआयबी फॅक्ट चेकने ती खोटी असल्याचं सांगितलं आहे. असं पत्र व्हॉट्सॲपवर आलं तर पैसे भरू नका, थेट बँकेच्या शाखेत विचारा.

कर्म पाहण्याची युक्ती एका ठिकाणी मात्र दगा देते. ‘अधिकाऱ्याविरुद्ध सँक्शन’ असं वाचलं की शिक्षा झाली असं वाटतं. इथे अर्थ खटला चालवायला सरकारची मंजुरी, एवढाच. अधिकारी दोषी ठरलेला नसतो, खटल्याचा मार्ग मोकळा झालेला असतो. सरकारी कर्तव्य बजावताना घडलेल्या कथित गुन्ह्यांसाठी काही लोकसेवकांना हे संरक्षण आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 नुसार सरकारने अशा विनंतीवर 120 दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. तो घेतला नाही, तर सँक्शन मिळालं असंच धरलं जातं.