मर्व ग्रिफिन : सूत्रसंचालक आणि खेळांचा निर्माता

अमेरिकन दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेचा इतिहास पाहताना १९५९ हे वर्ष ओलांडून पुढे जाता येत नाही. 'ट्वेंटी-वन' या लोकप्रिय कार्यक्रमातील विजेते चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली की, उत्तरे त्यांना आधीच पुरविली जात होती. व्हॅन डोरेन हे कोलंबिया विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापक होते. अध्यापनाच्या व्यवसायातील वाचकाला ही गोष्ट अधिक बोचेल. १९६० मध्ये अशा बनवाबनवीस कायद्याने प्रतिबंध झाला आणि ज्ञानाधिष्ठित खेळांविषयी वाहिन्यांच्या मनात भीती बसली. मर्व ग्रिफिन (१९२५-२००७) यांच्या कर्तृत्वाचा विचार या पार्श्वभूमीवर करणे इष्ट ठरते.

कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ येथे जन्मलेले ग्रिफिन मूळचे गायक. फ्रेडी मार्टिन यांच्या वाद्यवृंदात त्यांनी नाव मिळविले. चित्रपटात मात्र त्यांचे फारसे बस्तान बसले नाही. १९५८ पासून 'प्ले युअर हंच' या खेळाचे सूत्रसंचालन करताना त्यांना या माध्यमाची नाडी कळली.

ग्रिफिन यांनी स्वतः सांगितलेल्या हकिकतीनुसार, दुलुथहून न्यूयॉर्कला विमानाने परतताना प्रश्नमंजूषा पुन्हा सुरू व्हाव्यात, असा विषय त्यांनी काढला. त्यावर पत्नी ज्युलॅन यांनी सुचविले की, स्पर्धकाला उत्तरच द्यावे व त्याने प्रश्न सांगावा. त्यांनी उदाहरण दिले '५,२८०'. याचा प्रश्न : एका मैलात किती फूट? उत्तरे पुरविणे हाच जेथे अपराध ठरला होता, तेथे तोच खेळाचा नियम झाला. काटेकोरपणे पाहता हा बदल केवळ व्याकरणाचा आहे. प्रामाणिकपणाची हमी त्यातून मिळत नाही, ती कायद्याच्या धाकातून व वाहिनीच्या देखरेखीतून येते. तथापि विटलेल्या प्रेक्षकासमोर जुना प्रकार नव्या वेषात आणण्यास तेवढा बदल पुरेसा ठरला. ३० मार्च १९६४ रोजी एनबीसीवर 'जेपर्डी'चा प्रारंभ झाला. सूत्रसंचालक होते आर्ट फ्लेमिंग. ६ जानेवारी १९७५ रोजी आलेल्या 'व्हील ऑफ फॉर्च्यून'चे मूळ बालपणी बहिणीसह मोटारप्रवासात खेळलेल्या, अक्षरे ओळखण्याच्या खेळात होते.

त्यांचा स्वतःचा चेहरा लोकांना परिचित झाला तो 'द मर्व ग्रिफिन शो'मुळे. १९६२ मध्ये सुरू झालेला हा गप्पांचा कार्यक्रम खंड पडत, वाहिन्या बदलत १९८६ पर्यंत चालला. १९६५ मध्ये त्यांनी बर्ट्रांड रसेल यांची मुलाखत घेतली व व्हिएतनाम युद्धाला असलेला त्यांचा विरोध सामान्य अमेरिकन घरात पोहोचविला. १९७५ मध्ये महर्षी महेश योगी त्यांच्या मंचावर आले आणि भावातीत ध्यानाकडे वळणाऱ्या अमेरिकनांची संख्या झपाट्याने वाढली. ग्रिफिन स्वतःही ते ध्यान करू लागले होते. सौम्य, काहीशी भाबडी वाटणारी त्यांची प्रश्न विचारण्याची रीत टीकाकारांना खटकली. पण पाहुणा मोकळा होई तो तिच्यामुळेच.

आर्थिक दृष्ट्या मात्र चेहऱ्यापेक्षा मालकी महत्त्वाची ठरली. १९८६ मध्ये त्यांनी आपली निर्मितिसंस्था कोका-कोला कंपनीच्या ताब्यातील कोलंबिया पिक्चर्सला सुमारे २५ कोटी डॉलर्सना विकली. 'जेपर्डी'च्या अखेरच्या फेरीत वाजणारी धून ही मुळात मुलगा टोनी याच्यासाठी रचलेली अंगाई. तिच्या स्वामित्वधनातून आपणास ७ कोटी डॉलर्सहून अधिक मिळाल्याचे त्यांनी पुढे सांगितले. पैसा त्यांनी हॉटेलांत व जुगारगृहांत गुंतविला. 'रिसॉर्ट्स इंटरनॅशनल'साठी १९८८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी झुंज देऊन मिळविलेली ही कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली.

ज्युलॅन यांच्याशी त्यांचा घटस्फोट १९७६ मध्ये झाला. मूळ कल्पना पत्नीची, हे ग्रिफिन यांनी कधी लपविले नाही. १९६४ च्या कार्यक्रमाचे पहिले शीर्षकसंगीतही ज्युलॅन यांनीच रचले होते. श्रेयनामावलीत मात्र निर्माता म्हणून एकट्या मर्व ग्रिफिन यांचे नाव आले.