कापलेल्या मानेचा मागोवा

१७०० सालचं स्ट्राडिव्हारी व्हायोलिन आज मंचावर वाजतं तेव्हा त्याची मान बहुधा स्ट्राडिव्हारीने बसवलेली नसते. १८००च्या आगेमागे कुणा कारागिराने मूळ मान काढून तिथे अधिक लांब आणि मागे झुकलेली मान बसवली, वर जुना माथा तेवढा जपून जोडला. पेटी स्ट्राडिव्हारीची, तारांचा ताण मात्र पुढच्या शतकाचा. बरोक, म्हणजे या बदलाआधीच्या, व्हायोलिनचा शोध मला या सांध्यापासूनच सुरू करावासा वाटतो.

सोळाव्या शतकाच्या मध्याला इटलीतल्या क्रेमोनात आंद्रेआ आमाती व्हायोलिनं घडवत होता. त्याचा नातू निकोलो, पुढे स्ट्राडिव्हारी, ग्वार्नेरी, सगळे त्याच गावचे. त्यांच्या वाद्याची मान पेटीशी जवळपास सरळ रेषेत असे, आतून खिळे ठोकून बसवलेली. बोटपट्टी आखूड, तारांचा ताण कमी. तारा मेंढीच्या आतड्याच्या. आपल्या सारंगीवर असते तशी तात. खालच्या तारेवर धातूचा वेढा चढवण्याची युक्ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. दमट हवेत तात उतरते, ऐन मैफलीत तुटते. पण तिच्या स्वराला एक बारीक खरखर असते, माणसाच्या आवाजात असते तशी, आणि त्या खरखरीसाठी हे सगळे त्रास सोसावेत असं मला मनापासून वाटतं.

खरा फरक मात्र गजात आहे. जुना गज हलका, टोकाकडे निमुळता, कधी सरळ तर कधी किंचित बाहेर फुगलेला. तो टोकाकडे सरकू लागला की स्वर आपोआप विरतो. खाली ओढलेला आघात जड, वर नेलेला हलका. त्यामुळे कोरेली किंवा बाखचं संगीत सलग धारेसारखं न वाहता शब्द उच्चारल्यासारखं येतं, नाचाच्या चालीत डोलतं. १७८५च्या सुमारास पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्तने ब्राझीलच्या पर्नांबुको लाकडाचा, आत वळलेला गज पक्का केला. त्याने स्वर टोकापर्यंत सारख्या जोराने धरता येऊ लागला. सभागृहं मोठी होत होती, वाद्यवृंद वाढत होते. अशा गजाची गरजच होती. १८२०च्या सुमारास लुई श्पोरने हनुवटीचा टेकू आणला. विसाव्या शतकात पोलादी तार रुळली, आणि १९३९मध्ये लंडनच्या परिषदेत ‘ए’ स्वरासाठी ४४० हर्ट्झची पट्टी ठरली.

विसाव्या शतकातच काहीजण उलट दिशेने निघाले. आर्नोल्ड डोल्मेचने जुनी वाद्यं दुरुस्त केली, नवी घडवली आणि १९२५मध्ये इंग्लंडातल्या हॅझलमिअर इथे त्यांचा महोत्सव सुरू केला. १९३३मध्ये बाझेलला जुन्या संगीताची शाळा निघाली. व्हिएन्नाच्या एका वाद्यवृंदात चेलो वाजवणाऱ्या निकोलाऊस हार्नोनकूर्टने १९५३मध्ये कोन्सेंतुस मूझिकूस हा जुन्या वाद्यांचा संच स्थापन केला. पहिली जाहीर मैफल १९५७ची. मधली चार वर्षं तालमीची. त्या चार वर्षांचा मला सगळ्यात जास्त आदर वाटतो. १९६९मध्ये बेल्जियमच्या सिगिस्वाल्ड काउकेनने हनुवटी न टेकवता वाजवायला सुरुवात केली. आपल्याकडे मांडी घालून वाजवताना व्हायोलिनचा माथा पायावर टेकतो, म्हणून डावा हात मोकळा घसरतो. उभ्याने वाजवणाऱ्या काउकेनला तो आधार नव्हता. वाद्य तोलायचं आणि बोटंही हलवायची, दोन्ही कामं एकाच डाव्या हाताची.

आज बरोक व्हायोलिन म्हणून वाजतं ते बऱ्याचदा अलीकडे घडवलेलं असतं. तरीही स्ट्राडिव्हारीच्या हातून बाहेर पडलेल्या घडणीशी त्याचं नातं मान बदललेल्या जुन्या वाद्यापेक्षा अधिक जवळचं. अशी वाद्यं घडवायची तर न बदललेला नमुना हवा, आणि असे नमुने फार थोडे उरले. त्यातला एक फ्लोरेन्सच्या आकादेमिया संग्रहालयात आहे: १६९०मध्ये मेदिची घराण्यासाठी स्ट्राडिव्हारीने केलेला भलामोठा टेनर व्हिओला. त्याची मान, बोटपट्टी आणि घोडी अजून मूळच्याच आहेत.