ज्वारीच्या कणसातला मध

देऊळगाव राजा जालन्याजवळ असल्यामुळे बियाण्याचे प्लॉट आमच्याकडे नवे नाहीत. माझ्या लहानपणी मामांनी संकरित ज्वारीचा प्लॉट घेतला होता. पोळ्याच्या सुमारास फुलोरा आला, आठवडाभर आभाळ भरलेलं, आणि कणसांतून मधासारखा चिकट रस गळायला लागला. प्लॉट नापास! का, ते मामांना कोणी धड सांगितलंच नाही.

परवा शनिवारी शोधायला बसलो, तर हा अरगट निघाला, म्हणजे एक बुरशी. मद्रास इलाख्यात विल्यम मॅक्रे यांनी १९१७ साली तिला स्फॅसेलिया सॉर्गी हे नाव दिलं. पण ते फक्त रस गाळणाऱ्या, अलैंगिक अवस्थेचं नाव. लैंगिक अवस्थेचं वर्णन कुळकर्णी, शेषाद्री आणि हेगडे यांनी १९७६ साली केलं आणि दुसरं नाव आलं, क्लॅव्हिसेप्स सॉर्गी. मध्ये ५९ वर्षं! एकाच बगला दोन तिकीट नंबर म्हणा ना. (बुरशांची ही दोन नावांची पद्धत बंद करायचं २०११ साली मेलबर्नच्या परिषदेत ठरलं.)

ह्या ५९ वर्षांतच, १९६४ साली, सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण आलं. इथे खरी गंमत आहे. ही बुरशी फलन न झालेल्या फुलातच घुसते. परागकण आधी पोचला की तिची डाळ शिजत नाही. आणि बियाण्याच्या प्लॉटमधल्या मादी ओळींना स्वतःचे परागकणच नसतात! नर ओळींचा फुलोरा चार दिवस लांबला की फुलं उघडी वाट बघत राहतात. मामांचं नेमकं तेच झालं असणार.

पुढे १९९१ मध्ये आफ्रिकेतली बुरशी वेगळी प्रजाती ठरली, क्लॅव्हिसेप्स आफ्रिकाना. ती १९९५ ला ब्राझीलमध्ये, १९९६ ला ऑस्ट्रेलियात, १९९७ ला टेक्ससमध्ये पोचली. नंतर डीएनए तपासले, तर भारतातही आफ्रिकाना सापडली. इतकी वर्षं आपण सरसकट 'सॉर्गी' म्हणत होतो!

मग मामांच्या शेतात कोणती होती? पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या बुरशांचा संग्रह आहे. त्याला श्री. ल. अजरेकरांचं नाव आहे, ज्यांनी १९२६ साली ज्वारीच्या ह्याच रोगावर लिहिलं होतं. तिथे जुना नमुना आजही काढून पुन्हा तपासता येतो.

मामांना फोन केला. म्हणाले, "अरे, कणसं तर आम्ही बांधावरच जाळली."