वाडीवरचे परमुलखातले गुरुजी

कर्जत स्थानकाबाहेर सकाळी नऊच्या सुमारास उभे राहिले, की फार्महाऊसकडे निघालेल्या मोटारींच्या गर्दीतून वाट काढत काही दुचाकीस्वार कशेळे, पाथरज, खांडसच्या दिशेने निघालेले दिसतात. पाठीवर सॅक, हँडलला डब्याची पिशवी आणि पावसाळा असेल तर गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. हे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील शिक्षक. तिकडे खालापूर तालुक्यात खोपोली, चौक, वावोशी परिसरातही सकाळचे दृश्य फारसे निराळे नसते. यांपैकी अनेकांची गावे बीड, नांदेड, लातूर, सोलापूर किंवा जळगावकडे आहेत. मुंबईहून लोकलने दोन-अडीच तासांत पोहोचता येणाऱ्या या डोंगराळ भागात ते नोकरीनिमित्त आलेले परमुलखातले रहिवासी होत. ज्यांना शिकवायचे त्या मुलांची बोली त्यांना येत नाही, आणि जी इंग्रजी शिकवायची ती त्यांचीही घरची भाषा नाही.

रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २६ लाख ३४ हजार असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअकरा टक्के आहे. कर्जत आणि खालापुरात प्रामुख्याने ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी या जमाती राहतात. पुण्याला रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशांना बोरघाटात ‘ठाकूरवाडी’ नावाची पाटी दिसते, ती याच डोंगरवस्त्यांची आठवण आहे. ठाकर बव्हंशी डोंगरउतारावर थोडीफार शेती करून राहतात. कातकऱ्यांकडे मात्र जमीन जवळजवळ नाहीच. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी किंवा काथोडी. जंगल हातचे गेले तेव्हा तो व्यवसाय गेला आणि मोलमजुरी, मासे-खेकडे, लाकूडफाटा आणि वीटभट्टी एवढेच मागे उरले. केंद्र सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ ठरवले आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह कातकऱ्यांचा समावेश होतो.

या मुलांची भाषा म्हणजे ‘अशुद्ध मराठी’, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, म्हणजे १९०५ सालीच, काथोडी बोलीची कोकणातील बोलींमध्ये स्वतंत्र नोंद झाली होती. डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाच्या अरुण जाखडे संपादित महाराष्ट्र खंडानेही (२०१३) आदिवासी बोलींची दखल घेतली. अभ्यासकांनी केलेली ही नोंद शाळेच्या वर्गापर्यंत मात्र पोहोचली नाही. पहिलीत आलेले कातकरी मूल घरात जे बोलते ते पुस्तकात नसते आणि पुस्तकात जे असते ते घरात कोणी बोलत नाही. शिक्षकाची मराठी तिसरीच. नांदेड-परभणीकडून आलेले गुरुजी सहजपणे ‘लेकरांनो’ म्हणून हाक मारतात, पुस्तकात ‘मुलांनो’ असते आणि समोरच्या बाकावरचे मूल दोन्हींकडे नुसते पाहत राहते.

हे पाहत राहणेच पुढे महाग पडते. खेकडा कोणत्या दगडाखाली सापडेल, कोणता कंद उकडून खायचा आणि कोणता विषारी, हे ज्याला सातव्या वर्षी ठाऊक असते, ते मूल वर्गात गप्प बसते. गप्प बसलेल्या मुलाला काही येत नाही, असे मानण्याची आपल्या शाळांची जुनी रीत आहे. २०१५ पासून राबवलेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात प्रत्येक मुलाची ‘प्रगत’ वा ‘अप्रगत’ अशी नोंद होऊ लागली. अप्रगताच्या रकान्यात गेलेल्या मुलाला विषय समजला नव्हता की प्रश्नाची भाषाच समजली नव्हती, हे त्या रकान्यातून कळत नाही.

याच्यावर आली इंग्रजी. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालापासून राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. तोपर्यंत मराठी शाळांत इंग्रजी पाचवीत येत असे. शहरी इंग्रजी शाळांशी बरोबरी व्हावी हा निर्णयामागचा हेतू होता आणि तो गैर म्हणता येणार नाही. वाडीवरच्या पालकांनाही इंग्रजी हवीच असते; किंबहुना मुलगा चार इंग्रजी शब्द बोलला की घराला केवढे अप्रूप वाटते! अडचण निराळीच आहे. ज्यांनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली आणि ज्यांची पदविका मराठी माध्यमातून झाली, त्या शिक्षकांच्या एका पिढीवर थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणानंतर हा विषय येऊन पडला. मग ‘अ‍ॅपल म्हणजे सफरचंद’ असे सांगितले जाते. वाडीवरच्या मुलाने सफरचंद क्वचितच चाखलेले असते, त्यामुळे एका अनोळखी शब्दाचा अर्थ दुसऱ्या अनोळखी शब्दाने सांगितल्यासारखे होते. २०२२ मध्ये पहिलीसाठी एकात्मिक द्विभाषिक पाठ्यपुस्तके आली. या दोन भाषा म्हणजे मराठी आणि इंग्रजी. मुलाच्या बोलीचा हिशेब त्यात धरलेला नाही. २०२५ च्या एप्रिल ते जून या काळात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा असावी की नसावी यावर राज्यात रण माजले आणि २९ जूनला सरकारने ते आदेश मागे घेतले. कातकरी मुलाच्या दृष्टीने ती चौथी भाषा ठरली असती, हा मुद्दा त्या गदारोळात फारसा कोणी मांडला नाही.

परकी भाषा आणि परका शिक्षक हा प्रश्न काही आपल्याच वाट्याला आलेला नाही. जपानने १९८७ मध्ये ‘जेट’ नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला आणि इंग्रजी बोलणारे हजारो तरुण परदेशातून आणून देशभरातील शाळांत पाठवले. करार एका वर्षाचा, तो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढतो. लहानशा गावात हा तरुण बहुधा एकटाच परदेशी असतो. तो दारात बूट काढून शाळेतले वेगळे जोडे घालतो, दुपारी मुलांबरोबर जेवतो आणि मुले वर्ग झाडतात तेव्हा त्यांच्याबरोबर हातात झाडू घेतो. त्याने दुकानातून काय घेतले हेही गावाला ठाऊक असते. एकटेपणाच्या बाबतीत तो आणि पाथरजकडे निघालेले आमचे गुरुजी यांची व्यथा एकच. पण एक फरक मोठा आहे. या परदेशी तरुणाचे पद ‘सहायक भाषा शिक्षका’चे असते. वर्गात जपानी शिक्षक त्याच्या शेजारी उभा असतो आणि मुलाला काय समजले नाही हे तो मुलाच्या भाषेत विचारू शकतो. ही पद्धत निर्दोष आहे असे नव्हे. कित्येक ठिकाणी परदेशी शिक्षकाचा उपयोग केवळ उच्चार ऐकवणारा चालता-बोलता टेपरेकॉर्डर म्हणून होतो, अशी टीका तेथेही होते. जपानने प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजीला पूर्ण विषयाचा दर्जा दिला तो २०२० मध्ये, म्हणजे आपल्यानंतर वीस वर्षांनी. तोवर मुलाची स्वतःची भाषा पक्की झालेली असते.

मुलाची भाषा जाणणारा माणूस वर्गात असावा, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुलांसाठी त्या दोघीही बाहेरच्याच होत्या. परंतु मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांकडे न्यावी, असे ठरवून त्यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ चालवली आणि अंगणात बालवाडी भरवली. पुढे २००० नंतर राज्यात वस्तीशाळांची योजना आली. ज्या वस्तीला जवळ शाळा नाही तेथे स्थानिक शिकलेला तरुण वा तरुणी अल्प मानधनावर ‘निमशिक्षक’ म्हणून नेमावी, अशी ती रचना होती. पात्रता कमी, पगार त्याहून कमी, आणि निमशिक्षक आदिवासीच असे असेही नाही. मात्र तो आसपासचा असल्याने मुलाचे बोलणे त्याला कळत असे आणि पाऊस पडला म्हणून त्याची शाळा बंद राहत नसे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर वस्तीशाळांचे रूपांतर नियमित प्राथमिक शाळांत झाले आणि २०१४ मध्ये निमशिक्षकांना नियमित सेवेत घेण्यात आले. त्या तरुणांना न्याय मिळाला हे उत्तमच झाले. परंतु स्थानिक माणूस वर्गात आणण्याची ती वाट मात्र त्याबरोबर बंद झाली.

नियमानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. त्यामुळे वाडीवरची शाळा बहुधा द्विशिक्षकी असते आणि एकेका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात. एक रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याकडे. शिवाय पोषण आहाराचा तांदूळ-डाळीचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि निवडणूक-जनगणनेची कामे आहेतच. ऑनलाइन माहिती भरण्यासाठी मोबाइलला रेंज लागते आणि ती शोधत टेकाडावर जाऊन उभे राहावे लागते. शिक्षकाने मुख्यालयी राहावे असा नियम आहे आणि तो पाळला जात नाही म्हणून दरवर्षी ओरड होते. ही ओरड रास्त आहे. पण वाडीवर भाड्याने मिळेल अशी खोली कोठे आहे, हेही ओरड करणाऱ्यांनी एकदा पाहून यावे.

जुलै २०२३ मध्ये हा रस्त्यांचा प्रश्न साऱ्या राज्याने दूरचित्रवाणीवर पाहिला. १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नसल्याने बचाव पथकांना भर पावसात पायी चढून जावे लागले आणि अवजड यंत्रे वर नेताच आली नाहीत. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. निवासी आश्रमशाळांत शिकणारी वाडीतील काही मुले त्या रात्री घरी नव्हती म्हणून वाचली. पथकांची दमछाक करणाऱ्या तशा चढणी अन्य वाड्यांवर शिक्षक पाटी-पुस्तकांच्या गठ्ठ्यासह वर्षभर चढत असतात.

शिक्षक चढून वर पोहोचला तरी मुले असतीलच असे नाही. पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा कातकरी कुटुंब भट्टीमालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घेते आणि दिवाळी झाली की ती फेडण्यासाठी बाहेर पडते. कोणी पनवेल, कल्याण, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर, कोणी कोळसा पाडायला घाटावर, अगदी कर्नाटकापर्यंत. घरी सांभाळायला कोणी नसल्याने मुलेही बरोबर जातात, धाकट्याला सांभाळतात, विटा उलटतात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे दहा महिन्यांच्या शालेय वर्षातले चार-साडेचार महिनेच त्यांच्या वाट्याला येतात आणि त्यातही गणपतीची आणि दिवाळीची सुटी. विधायक संसद या विवेक पंडित यांच्या संस्थेने तत्कालीन ठाणे जिल्ह्यात १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर कच्च्या विटा रचून उभारलेले खोपटे. सरकारने नंतर हंगामी वसतिगृहे काढली आणि स्थलांतरित मुलाला जेथे जाईल तेथील शाळेत प्रवेश मिळावा म्हणून ‘शिक्षण हमी पत्रक’ही आणले. पत्रक हातात असले तरी भट्टीपासून शाळा किती लांब आणि मुलाला नेऊन सोडणार कोण, हे प्रश्न राहतातच. पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळांत मूल वर्षभर राहू शकते, म्हणून पुष्कळ पालक तो मार्ग पत्करतात; मात्र सहा वर्षांचे मूल आईपासून तोडावे लागते.

दिवाळीपर्यंत कष्टाने ‘माय नेम इज’ म्हणायला शिकलेली मुले जूनमध्ये पुन्हा पहिल्या पानावर येतात. यात शिक्षकाचा दोष किती आणि उचलीचा किती, हे कोणत्याही मूल्यमापनात विचारले जात नाही.

बाहेरचे शिक्षक इकडे येतात याला कारण भरतीची रचना. मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्रात २००० च्या दशकात डी.एड. महाविद्यालये उदंड निघाली आणि रिक्त जागा राहिल्या कोकणात. राज्यव्यापी गुणवत्ता यादीतून निवड झालेला उमेदवार आधी शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे काढतो. २००० मध्ये प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा ३ हजार रुपये होते, २०२३ पासून ते १६ हजार आहे. नेरळ किंवा कर्जतला खोलीचे भाडे, दुचाकीचे पेट्रोल आणि गावी पाठवायचे पैसे हे सारे त्यातूनच. साहजिकच कायम झाल्यावर आंतरजिल्हा बदलीची वाट पाहणे सुरू होते. आई-वडील चारशे-पाचशे किलोमीटरवर एकटे असलेल्या माणसाला त्याबद्दल बोल लावता येणार नाही. जागा स्थानिकांतूनच भराव्यात ही कोकणातील पदविकाधारकांची मागणी जुनी आहे. पण ‘स्थानिक’ म्हणजे जिल्ह्यातला की मुलाची बोली बोलणारा, हे त्या मागणीतही स्पष्ट नसते.

वाडीवर पाच-सहा वर्षे टिकलेल्या शिक्षकाला मुलांची बोली बऱ्यापैकी समजू लागते. कोणते घर कधी भट्टीवर जाणार आणि कोणत्या आजीकडे नातवंड ठेवता येईल, हेही त्याला ठाऊक झालेले असते. हे कोणत्याही नोंदवहीत उतरवलेले नसते. बदलीचा आदेश आला, की तो कार्यभार सोपवतो तेव्हा यादीत हजेरीपट, तांदळाचा साठा, बाकडी आणि शाळेची किल्ली असते. जूनमध्ये भट्टीवरून परतलेली मुले शाळेत येतात, तेव्हा फळ्यासमोर नवे गुरुजी उभे असतात.